सुटलेली जागा आणि अडलेला दाखला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



निकाल लागला, प्रवेश परीक्षेचे गुण कळले, पहिली यादी लागली, पेढे वाटून झाले, की प्रवेशाचं काम संपलं असा आपल्याकडे एक समज असतो. ज्यांच्या घरात त्या वर्षी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असते, त्यांनाच फक्त ठाऊक असतं की खरी धावपळ तिथून पुढे सुरू होते. हातात एक जागा असते, मनात दुसरी असते, आणि अगदी शेवटी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ती दुसरी जागा मिळते. मिळते ती मात्र दोन दिवसांच्या मुदतीवर. त्या दोन दिवसांत पहिली जागा सोडायची, तिथली कागदपत्रं परत घ्यायची, भरलेले पैसे मागायचे, नवे पैसे उभे करायचे आणि दुसऱ्या गावी जाऊन हजर व्हायचं. आज मी बोलणार आहे ते या दोन दिवसांविषयी.

मी एकतीस वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात काम केलं. कारकून म्हणून लागलो, कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेलं. आमच्याकडची जागा सोडून जाणारी मुलं पाहिली आणि दुसरीकडची सोडून आमच्याकडे येणारीही पाहिली. निवृत्तीनंतर आता गावातली मुलं घरी कागद घेऊन येतात, त्यामुळे खिडकीच्या बाहेरची बाजूही दिसू लागली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. जागा बदलणाऱ्या मुलाकडे आपण जरा वाकड्या नजरेनेच पाहतो. ‘धरसोड वृत्ती’ म्हणतो. नातेवाईक म्हणतात, मिळालंय त्यात समाधान मान. पण केंद्रीय प्रवेशाची सगळी रचनाच मुळी जागा बदलण्यावर उभी आहे. मुलाने पसंतीक्रम भरायचा, मिळालेली जागा हजार रुपये भरून स्वीकारायची, आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर तिकडे सरकायचं. यालाच ‘बेटरमेंट’ म्हणतात. २०१५ साली महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक शिक्षणसंस्थांच्या प्रवेशाचा आणि शुल्काचा कायदा झाला, राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला ‘सीईटी सेल’ म्हणतो तो आला, आणि हे सगळं एका छताखाली आलं. २०२५ साली तर अभियांत्रिकीच्या अशा चार फेऱ्या झाल्या. मुलाने सरकावं, अशीच अपेक्षा आहे.

आणि एक मुलगा सरकला की तो एकटा सरकत नाही. एखाद्या मुलीला वैद्यकीयला जागा मिळते, ती अभियांत्रिकीची संगणक शाखेची जागा सोडते. ती जागा दुसऱ्या गावच्या मुलाला मिळते, तो आपली यांत्रिकीची जागा सोडतो. ती तिसऱ्याला मिळते, तो औषधनिर्माणशास्त्राची सोडतो. खो-खोच्या पाटीवर बसलेल्या गड्यांसारखं हे आहे. मागून खो मिळाल्याशिवाय पुढचा उठू शकत नाही. म्हणून एखाद्या कार्यालयात एका मुलीचा दाखला तीन दिवस अडकून पडतो, तेव्हा अडकते ती एकटी नसते. तिच्या पुढची तीन-चार मुलं, जी तिला ओळखतही नाहीत, तीही आपापल्या गावी मोबाइलकडे बघत बसलेली असतात.

आता हा अडकण्याचा प्रकार नेमका कधी होतो ते पाहू. केंद्रीय फेऱ्या चालू असतात तोवर फारशी अडचण नसते. तुम्ही जागा स्वीकारता, पण कॉलेजात प्रत्यक्ष हजर झालेले नसता. जागा संगणकातल्या संगणकात बदलते. अडचण सुरू होते ती फेऱ्या संपल्यावर. तोवर तुम्ही एका कॉलेजात जाऊन मूळ कागद दिलेले असतात, शुल्क भरलेलं असतं, वसतिगृहात ट्रंकसुद्धा ठेवलेली असते. मग उरलेल्या जागा प्रत्येक कॉलेज आपापल्या पातळीवर गुणवत्ता यादी लावून भरतं. तिथे तुमचं नाव लागतं. किंवा वैद्यकीय शाखेच्या फेऱ्या, ज्या बहुतेक वर्षी अभियांत्रिकीच्या मागून येतात, त्यात दंतवैद्यकाची, आयुर्वेदाची, फिजिओथेरपीची जागा मिळते. या वेगवेगळ्या प्रवेशांची पोर्टलं एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलणं तुम्हालाच करावं लागतं, आणि तेही पायांनी.

पूर्वी हे कसं होतं? राज्यात १९८३ नंतर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला आणि गुणवत्तेनुसार एकत्रित प्रवेशाला जोर आला. त्या काळात समोरासमोर समुपदेशन व्हायचं. मोठा हॉल, फळ्यावर जागांचे आकडे, ध्वनिक्षेपकावर गुणवत्ता क्रमांक पुकारायचे, आणि मुलगा बापासह उठून टेबलाशी यायचा. गर्दी व्हायची, भोवळ येऊन पडणारे पालकही मी पाहिलेत. पण एक सोय होती. कागदांची पिशवी आणि मुलगा एकाच हॉलमध्ये असायचे. आता जागा एका क्षणात संगणकावर बदलते आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र अजून एसटीने प्रवास करतो. उशीर होतो तो या दोन वेगांच्या मधल्या फटीत.

खिडकीच्या आत काय चालतं ते आता सांगतो. सगळेच लोक दुष्ट नसतात, हे आधी मान्य करू. ऑगस्ट-सप्टेंबरात विद्यार्थी विभागात चार माणसं असतात आणि कामं चौदा माणसांची. मुलगा प्रवेश रद्द करायला येतो. अर्जावर प्राचार्यांची सही हवी, प्राचार्य विद्यापीठात बैठकीला. लेखा विभागाचा ‘नो ड्यूज’ हवा, त्यांना ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’ हवा. मुलाने ग्रंथालयाचं दारही पाहिलेलं नसतं, पण ग्रंथपालांची सही लागतेच, कारण छापील नमुन्यात तसा रकाना आहे. हा झाला साधा उशीर. चिडण्यासारखा, पण साधा.

दुसरा उशीर मुद्दाम केलेला असतो. त्यामागचं गणित असं. साठ मुलांच्या तुकडीतली एक जागा शेवटच्या तारखेच्या आधी सुटली तर प्रतीक्षा यादीतून भरता येते. त्या तारखेनंतर सुटली तर ती वर्षभर रिकामी राहते. दुसऱ्या वर्षी पदविकाधारकांना थेट प्रवेश देऊन ती भरता येते, पण सगळ्याच कॉलेजांत ती भरते असं नाही. म्हणजे एका जागेमागे एका वर्षाचं, कधी चार वर्षांचं शुल्क बुडतं. पगार त्यातूनच होतात. ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी कपाटाची किल्ली खिशात ठेवून ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ असं सतरा वर्षांच्या मुलाला सांगायचं, हे मला कधी पटलं नाही. संस्थेचा तोटा ही संस्थेची अडचण आहे. ती मुलाच्या दाखल्यावर वसूल करायची नसते.

नियमही तेच सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ साली याविषयी सूचना काढली होती, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिक स्पष्ट अधिसूचना काढली. तिचा सारांश साधा आहे. कॉलेजने मूळ कागद पाहावेत, तपासावेत, साक्षांकित प्रती ठेवून घ्याव्यात आणि मूळ कागद तिथल्या तिथे परत करावेत. ठेवून घेऊ नयेत. म्हणजे ‘कागद परत कधी मिळतील?’ हा प्रश्नच खरं तर पडायला नको. तो पडतो, कारण प्रवेशाच्या दिवशी ‘मूळ कागद द्या’ म्हटलं की आपण देतो, आणि त्या दिवशी भांडायची कोणाची इच्छा नसते. भांडू नकाच. पण निदान, घेतलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून त्यावर कॉलेजचा शिक्का आणि तारीख मागा. ‘मूळ कागद मिळाले’ एवढे शब्द त्यावर हवेत. देण्यापूर्वी प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ स्कॅन प्रत काढून ठेवा, आणि साक्षांकित प्रतींचे तीन संच घरी असू द्या. बारावीची गुणपत्रिका आता डिजिलॉकरवरही मिळते. २०१६ च्या नियमांनुसार तिथला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. कारकून मान हलवतो कधी कधी, तेव्हा त्याला हे शांतपणे सांगावं लागतं.

२०१९ सालची एक घटना सांगतो. तेव्हा मी नोकरीत होतो. बार्शी तालुक्यातल्या एका गावची मुलगी. वडील शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत. तिला पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात जागा मिळाली होती, प्रवेशही झाला होता. फेऱ्या संपल्यावर आमच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. आमचं शुल्क तिथल्यापेक्षा बरंच कमी, आणि शाखाही तिला हवी असलेली विद्युत. यादी गुरुवारी संध्याकाळी लागली. शनिवारी पाचपर्यंत मुदत.

त्या घरातल्या माणसांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ती दोन ठिकाणी वाटली गेली. वडील शुक्रवारी पहाटे पुण्याच्या गाडीत बसले आणि मुलगी मामाबरोबर आमच्याकडे आली. शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलासमोर बसून ती वडिलांशी फोनवर बोलत होती. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

‘‘साहेब, ते म्हणत्यात अध्यक्षांची सही लागंल. अध्यक्ष मुंबईला गेल्यात. सोमवारी या म्हणत्यात.’’

मुलीने विचारलं, ‘‘सर, सोमवारी इथं जागा राहील का?’’

राहणार नव्हती. तिच्या मागे प्रतीक्षा यादीत अकरा जण होते, आणि त्यातले दोघं कँटीनमध्ये बसलेलेच होते. ते चुकीचे होते असंही नाही. त्यांनाही शनिवारी पाचची वाट होती.

मी वडिलांना म्हटलं, तिथल्या भाऊसाहेबांना फोन द्या. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाशी बोलायची एक पद्धत असते. नियम सांगायचा नाही. त्यालाही नियम माहीत असतो. तो म्हणाला, ‘‘माझ्या हातात काय आहे हो? कपाटाची किल्ली वर आहे.’’ मी म्हटलं, किल्ली राहू द्या, अर्ज तरी आवक करून घ्या. आवक शिक्का तुमच्याच टेबलावर आहे. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग ‘पाठवा त्यांना’ म्हणाला. शिक्का मारण्यात त्याचं काही जात नव्हतं, आणि त्याच्या घरीही बारावीची मुलगी आहे असं नंतर वडिलांकडून कळलं.

अर्ज चार ओळींचा होता. मीच फोनवर सांगितला, वडिलांनी झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहिला. ‘मी अमुक अमुक, प्रवेश क्रमांक अमुक, अमुक शाखेतला माझ्या मुलीचा प्रवेश तिच्या संमतीने आज रद्द करीत आहे. तिला दुसऱ्या महाविद्यालयात जागा मिळाली असून तिथे हजर होण्याची अंतिम मुदत शनिवारी सायंकाळी पाच वाजता संपते. तरी तिची खालील मूळ कागदपत्रं आजच परत मिळावीत. उशीर झाल्यास जागा जाईल, याची कृपया नोंद घ्यावी.’ खाली कागदांची यादी, आणि सोबत आमचं निवड झाल्याचं पत्र. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि शिक्का घेऊन ती प्रत आपल्याकडे. वेळ लिहून घ्यायला लोक विसरतात. शुक्रवार, दुपारी दोन दहा, हे त्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि पुढे सगळं काम त्या दोन दहानेच केलं.

मुलीने इकडे स्वतःच्या लॉगिनमधून प्रवेश रद्द करण्याचा ऑनलाइन अर्ज भरला. तिथे एक अडचण आलीच. ओटीपी येईना. नोंदवलेला मोबाइल क्रमांक गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा होता! फॉर्म त्यानेच भरला होता आणि सवयीने स्वतःचा नंबर टाकला होता. तो त्या वेळी लग्नाला गेलेला. त्याला मांडवातून शोधून काढून ओटीपी मिळवायला पाऊण तास गेला. श्रोतेहो, हे मी हसण्यासारखं सांगत असलो तरी गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या उशिरांपैकी निदान चौथा हिस्सा उशीर याच कारणाने झालेला आहे. कोणाचा नंबर मामाचा असतो आणि मामा रात्रपाळी करून झोपलेला असतो. कोणाचा पासवर्ड कॅफेच्या वहीत असतो आणि वही कुलपात. नंबर घरातला टाका, आणि प्रवेश संपेपर्यंत ते सिमकार्ड बदलू नका.

मग त्याच दिवशी तिच्या नावाने एक ईमेल गेली. पहिल्या कॉलेजच्या प्राचार्यांना, आणि प्रत प्रवेश नियामक प्राधिकरणाला. सोबत आवक शिक्क्याच्या कागदाचा फोटो. शनिवारी आमच्या प्राचार्यांसमोर ते सगळे कागद ठेवले. साक्षांकित प्रती, हमीपत्र, रद्द केल्याचा ऑनलाइन पुरावा. त्यांनी मूळ कागद पंधरा दिवसांत सादर करण्याच्या अटीवर प्रवेश दिला. शुल्काचा धनाकर्ष मामाने बार्शीहूनच काढून आणला होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी नोंद पोर्टलवर चढली.

मूळ कागद अकरा दिवसांनी मिळाले. वडिलांना पुण्याला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला व्हॅनवर बदली माणूस द्यावा लागला. हे ‘किरकोळ’ म्हणून कोणी सोडून देतं तेव्हा मला राग येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दोन दिवसांची किंमत कुठल्याच परताव्यात धरलेली नसते.

याउलट, त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा आला होता. सोमवारी सकाळी साडेदहाला. आमच्या यादीत त्याचं नाव होतं, मुदत शनिवारी संपली होती. त्याने यादी पाहताक्षणी आधीच्या कॉलेजात जाऊन प्रवेश रद्द केला. तिथे त्यांनी प्रवेश लगेच रद्द केला आणि कागद द्यायला मात्र सोमवार उजाडवला. तो कागदांची वाट पाहत तिथेच थांबला. अर्जाची पोच त्याने घेतली नव्हती, आम्हाला फोन केला नव्हता. माझ्यासमोर बसून त्याने पिशवीतून दाखला काढला आणि टेबलावर ठेवला. बोलला काहीच नाही. पोर्टल बंद झालेलं होतं, आणि ते कोणाच्याच शब्दाखातर उघडत नाही. इथली जागा गेली, तिथली त्याने स्वतःच सोडलेली. आमच्याकडे त्याची जागा नंतर भरलीही नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत आम्ही त्याची वाट पाहिली होती, प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला बोलवायला वेळच उरला नाही. वर्षभर त्या तुकडीचा हजेरीपट पाहताना मला ती जागा आठवायची. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा परीक्षा दिली, असं त्याच्या गावच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं.

म्हणून मुलांना मी क्रम सांगतो. नव्या जागेचं पत्र किंवा पोर्टलवरची निवड आधी हातात छापील घ्या. मग नव्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागाला फोन करून विचारा की मूळ कागद उशिरा आले तर हमीपत्रावर प्रवेश देता का, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या. त्यानंतरच जुनी जागा सोडा. दोन जागा एकाच वेळी धरून ठेवता येत नाहीत हे खरं, पण दोन्ही एकाच वेळी सोडायच्या नसतात हेही तितकंच खरं.

जातवैधता प्रमाणपत्राचं दुखणं वेगळं आहे. राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलाकडे कधी प्रमाणपत्राऐवजी समितीकडे अर्ज केल्याची पावती असते. पावतीवर प्रवेश मिळतो, पण ठरावीक तारखेपर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही तर मुलगा खुल्या गटात धरला जातो. काही वर्षी शासनाने मुदत वाढवली, पण त्या भरवशावर राहू नये. जागा बदलताना ही पावती जुन्या कॉलेजच्या फाइलमध्ये राहून जाते आणि नव्या कॉलेजात मूल उघडं पडतं. तिची प्रत वेगळी ठेवा. शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवर जुन्या कॉलेजच्या नावाने अर्ज भरला असेल तर तो तिथून रद्द करून घेतल्याशिवाय नव्या कॉलेजच्या नावाने भरता येत नाही, आणि हे लक्षात येतं ते दिवाळीनंतर.

आता कोर्टाबद्दल. ‘कोर्टात जाऊ’ असं रागाने म्हणणारे पालक मी बरेच पाहिले. न्यायालयं अशा प्रकरणांत काय पाहतात हे समजून घेण्यासारखं आहे. २०२१ साली एका विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत स्थापत्य शाखेची जागा मिळाली होती. शुल्क भरताना तांत्रिक अडचण आली, मुदत गेली. तो मुलगा खरगपूरच्या आयआयटीपर्यंत स्वतः जाऊन आला, कारण त्या वर्षीची परीक्षा त्यांच्याकडे होती. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सामावून घ्यायला सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटी धनबादच्या बाबतीत तसंच झालं. उत्तर प्रदेशातल्या रोजंदारी मजुराचा मुलगा, साडेसतरा हजार रुपये वेळेत भरता आले नाहीत, म्हणून जागा गेली. न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा अधिकार वापरून त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करायला लावली.

वैद्यकीयच्या बाबतीत डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. कृष्णा श्रद्धा खटल्यात सांगितलं की विद्यार्थ्याचा काहीही दोष नसताना, केवळ यंत्रणेच्या चुकीमुळे प्रवेश हुकला असेल आणि त्याने विनाविलंब दाद मागितली असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत मुदतीनंतरच्या एका महिन्याच्या आतही प्रवेश देता येईल. यातले ‘दोष नसताना’ आणि ‘विनाविलंब’ हे दोन शब्द महत्त्वाचे. दोन्ही सिद्ध करावे लागतात, आणि ते सिद्ध होतात त्या आवक शिक्क्याने, त्या ईमेलच्या तारखेने. पण मी असंही म्हणेन की या निकालांकडे पाहून निर्धास्त होऊ नका. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेली दोन मुलं आपल्याला माहीत होतात. पोचू न शकलेल्यांची यादी कुठे छापून येत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याच्या पायऱ्या दिल्या होत्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण शुल्क, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त पाच हजार कापता येतील. शेवटच्या पंधरा दिवसांत नव्वद टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास टक्के, आणि नंतर शून्य. कोविडच्या काळापासून आयोग मधूनमधून जास्त सवलतीचे आदेश काढत आला. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त हजार रुपये कपात, असा आदेश होता. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वेगळी तरतूद असते. कट-ऑफ तारखेच्या आत रद्द केलं तर हजार रुपये वजा करून बाकी परत, आणि नंतर केलं तर अनामत रकमेखेरीज काही नाही. म्हणजे एका दिवसाच्या उशिराची किंमत काही हजारांपासून लाखापर्यंत जाऊ शकते. तुमच्या अभ्यासक्रमाला कोणता नियम लागू आहे आणि त्या वर्षीच्या तारखा काय आहेत, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय मिळालं ते विचारू नका.

पावती कशाची दिली तेही पाहा. काही ठिकाणी शिकवणी शुल्काबरोबर ‘विकास’, ‘गणवेश’, ‘प्रशिक्षण’ अशा नावाने वेगळी रक्कम साध्या चिठ्ठीवर घेतात. परतावा मागायला गेलं की त्या चिठ्ठीला कोणी ओळख देत नाही.

बार्शीच्या त्या मुलीचे पैसे जानेवारीत आले. धनादेश तिच्या नावाने होता. तिचं बँकेत खातं होतं, शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, पण दोन वर्षं त्यात काही व्यवहार झाला नव्हता म्हणून ते निष्क्रिय झालेलं. पुन्हा चालू करायला नवा फोटो, आधारकार्ड आणि ती स्वतः हजर हवी, असं बँकेने सांगितलं. खातं गावाकडच्या शाखेत, मुलगी आमच्याकडे वसतिगृहात, आणि धनादेशाची मुदत तीन महिन्यांची. पहिल्या सत्राच्या परीक्षेत दोन पेपरांच्या मध्ये तीन दिवसांची सुट्टी आली, तेव्हा ती रातराणीने गावी गेली आणि बँक उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसली.